अव्हेर आणि सूड : मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीचे आकलन

सारांश :

मेरी शेली हिची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही १८१८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी सर्वसामान्यपणे भयकथा म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात या कादंबरीचा कणा म्हणजे नाकारल्या गेलेल्या एका जीवाची व्यथा आणि त्या व्यथेतून उद्भवलेला सूड हा होय. प्रस्तुत लेखात या कादंबरीतील नकाराची तीन रूपे वेगवेगळी करून दाखविली आहेत आणि सूडाचे स्वरूप त्या रूपांशी कसे जोडले गेले आहे, याचे विवेचन केले आहे. नकारामुळे सूडाचे कारण समजते, पण त्याचे समर्थन होत नाही. हा भेद कादंबरी सातत्याने जपते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : गॉथिक कादंबरी, अव्हेर, बहिष्कार, सूड, निर्मात्याची जबाबदारी, न्याय.

प्रस्तावना :

इंग्रजी साहित्यात गॉथिक कादंबरीची परंपरा होरेस वॉलपोल याच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कृतीपासून सुरू झाली, असे मानले जाते. पुढे अ‍ॅन रॅडक्लिफ हिची ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ (१७९४) आणि मॅथ्यू लुइस याची ‘द माँक’ (१७९६) या कादंबऱ्यांनी ही परंपरा लोकप्रिय केली. जुने किल्ले, मठ, भुयारे, पूर्वजांची पापे आणि त्या पापांचा पुढील पिढ्यांना भोगावा लागणारा परिणाम, ही या कादंबऱ्यांची नेहमीची सामग्री होती. त्यांत सूड असतो, पण बहुधा तो घराण्याच्या जुन्या वैरातून किंवा दैवी कोपातून आलेला असतो.

मेरी शेलीने या परंपरेत मूलभूत बदल घडवून आणला. तिच्या कादंबरीत किल्ला नाही, शापित घराणे नाही आणि भूतही नाही. जर्मनीतील एका विद्यापीठाच्या गावी राहणारा एक हुशार विद्यार्थी आपल्या खोलीत प्रयोग करतो आणि त्यातून एक सजीव प्राणी निर्माण होतो. नंतरचे सर्व अनर्थ त्या विद्यार्थ्याच्या आणि इतर माणसांच्या वागण्यातून घडतात. सूडाचे मूळ दैवात न शोधता माणसांच्या वर्तनात शोधणे, हे या कादंबरीचे वेगळेपण होय.

येथे मराठी वाचकाच्या दृष्टीने एक खुलासा आवश्यक आहे. ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे त्या भयंकर प्राण्याचे नाव आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ते त्याच्या निर्मात्याचे, व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनचे, आडनाव आहे. निर्माण झालेल्या जीवाला कादंबरीत नावच नाही. मराठीत त्याचा उल्लेख ‘राक्षस’ किंवा ‘सैतान’ असा केल्यास कथा सुरू होण्यापूर्वीच निवाडा देऊन टाकल्यासारखे होते. कारण हेच शब्द त्याला पाहणारी माणसे त्याच्यासाठी वापरतात. म्हणून प्रस्तुत लेखात त्याच्यासाठी ‘निर्मित जीव’ ही संज्ञा योजिली आहे.

कादंबरीची पार्श्वभूमी :

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडन येथे झाला. तिची आई मेरी वोल्स्टनक्राफ्ट ही स्त्रियांच्या हक्कांची खंबीर पुरस्कर्ती होती आणि वडील विल्यम गॉडविन हे राजकीय विचारवंत व कादंबरीकार होते. मेरीच्या जन्मानंतर अवघ्या अकरा दिवसांनी आईचा मृत्यू झाला. १८१४ साली मेरी विवाहित कवी पर्सी शेली याच्यासमवेत घर सोडून गेली, तेव्हा विवाहसंस्थेवर टीका करणाऱ्या गॉडविननेच मुलीशी संबंध तोडले. डिसेंबर १८१६ मध्ये तिचा पर्सीशी विवाह होईपर्यंत हा दुरावा टिकला. दरम्यान १८१५ मध्ये तिची पहिली मुलगी जन्मानंतर काही दिवसांतच दगावली.

१८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराच्या काठी कवी बायरन याने भाड्याने घेतलेल्या ‘व्हिला डिओडाटी’ या घरात ही मंडळी जमत असत. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्यामुळे युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा जाणवलाच नाही. सततच्या पावसामुळे घरात अडकून पडलेल्या या मंडळींनी प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी, असे बायरनने सुचविले. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. त्या सूचनेतून जन्मलेली कथा वाढत गेली आणि १ जानेवारी १८१८ रोजी तीन खंडांत, लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठाच्या आतील पानावर मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मधील, आदमने आपल्या निर्मात्याला केलेल्या तक्रारीच्या ओळी होत्या. पुस्तक अर्पण केले होते विल्यम गॉडविन यास.

ज्या पित्याने मुलीशी संबंध तोडले होते, त्याच पित्याला मुलीने निर्मात्याने टाकून दिलेल्या जीवाची कथा अर्पण करावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. अर्थात कादंबरी म्हणजे लेखिकेचे आत्मचरित्र नव्हे. एलन मोअर्स या समीक्षिकेने १९७६ साली या कादंबरीचा संबंध बाळंतपण, अपत्यमृत्यू आणि अपराधभाव यांच्याशी जोडून दाखविल्यानंतर चरित्राच्या अंगाने तिचे वाचन विपुल प्रमाणात झाले. अशा वाचनाने कादंबरीच्या भावनिक तीव्रतेचा उगम कळतो. तिच्यातील विचार मात्र संहितेतूनच उलगडावा लागतो.

नकाराचे पहिले रूप : निर्मात्याने केलेला अव्हेर

मराठीत ‘नकार’, ‘अव्हेर’ आणि ‘बहिष्कार’ या शब्दांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. मागितलेली गोष्ट न देणे म्हणजे नकार. ज्याचा सांभाळ करणे आपले कर्तव्य आहे त्याला टाकून देणे म्हणजे अव्हेर. आणि समाजाने एखाद्याला आपल्यातून बाहेर ठेवणे म्हणजे बहिष्कार. निर्मित जीवाच्या वाट्याला ही तिन्ही रूपे येतात आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे.

पहिला येतो तो अव्हेर. इंगोलश्टाट येथे नोव्हेंबर महिन्यातील एका पावसाळी रात्री व्हिक्टरचा प्रयोग यशस्वी होतो. जवळजवळ दोन वर्षे त्याने या क्षणासाठी झोप आणि प्रकृती पणाला लावलेली असते. पण निर्मित जीवाने डोळे उघडताच व्हिक्टरला किळस वाटते आणि तो खोलीबाहेर पळतो. थोड्या वेळाने तो जीव त्याच्या बिछान्याजवळ येतो, काहीतरी अस्फुट उच्चारतो आणि एक हात पुढे करतो. व्हिक्टर पुन्हा पळून जातो. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी पाहून त्याला आनंद होतो. आपण निर्माण केलेला जीव कुठे गेला असेल, त्याचे काय झाले असेल, हा प्रश्न त्याला पडत नाही.

या प्रसंगात निर्मित जीवाने कोणताही अपराध केलेला नाही. त्याचे पुढे झालेले बोट अर्भकाच्या हातासारखे आहे. त्याच्यावर दुष्टपणाचा आरोप करण्यास कोणताही पुरावा नसताना केवळ रूपावरून त्याला टाकून दिले जाते. कादंबरीतील पुढील सर्व घटनांचे बीज येथे आहे.

या अव्हेराचे गांभीर्य फ्रँकेन्स्टाइन घराण्याच्या पूर्वेतिहासामुळे वाढते. हे घर निराधारांना आसरा देणारे घर आहे. व्हिक्टरची आई कॅरोलाइन ही पित्याच्या मृत्यूनंतर निराधार झालेली मुलगी होती. तिला व्हिक्टरच्या वडिलांनी आधार दिला आणि पुढे तिच्याशी विवाह केला. एलिझाबेथ ही १८१८ च्या आवृत्तीत आई वारलेली आतेबहीण आहे, तर १८३१ च्या सुधारित आवृत्तीत इटलीतून आणलेली अनाथ मुलगी आहे. दोन्ही आवृत्त्यांत ती या घरात प्रेमाने वाढते. जस्टीन मोरित्झ ही तर सख्ख्या आईलाच नकोशी झालेली मुलगी. तिलाही या घराने जवळ केले. टाकलेल्या मुलांना मायेचे घर मिळाले तर ती सुस्वभावी निपजतात, हे कादंबरी या तीन उदाहरणांतून जणू आधीच सिद्ध करून ठेवते. अशा घरात वाढलेल्या मुलाने स्वतःच्या निर्मितीला मात्र दाराबाहेर टाकावे, हा विरोधाभास लेखिकेने हेतुपुरस्सर रचला असावा, असे दिसते.

नकाराचे दुसरे रूप : समाजाने घातलेला बहिष्कार

निर्मित जीवाची कहाणी कादंबरीच्या मध्यभागी, दुसऱ्या खंडात, त्याच्याच तोंडून येते. माँ ब्लाँ पर्वताच्या परिसरातील हिमनदीवर तो व्हिक्टरला गाठतो आणि आपले ऐकून घेण्याची विनंती करतो. त्याने सांगितलेला वृत्तान्त हा अनुभवातून होणाऱ्या शिक्षणाचा वृत्तान्त आहे. भूक, थंडी, प्रकाश, पक्ष्यांचा आवाज आणि अग्नी यांची ओळख त्याला हळूहळू होते. एका खेड्यात तो शिरतो तेव्हा लोक दगड मारून त्याला हाकलून लावतात. नंतर तो द लेसी कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या एका खोपटात लपून राहतो.

आंधळे वृद्ध द लेसी, त्यांचा मुलगा फेलिक्स आणि मुलगी अगाथा यांचे परस्परांवरील प्रेम तो फटीतून पाहतो. त्यांची गरिबी लक्षात आल्यावर तो त्यांच्या साठ्यातील अन्न चोरणे थांबवतो आणि रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. फेलिक्स हा साफी या परदेशी तरुणीला भाषा शिकवीत असताना तोही ती भाषा शिकतो. जंगलात सापडलेल्या पेटीतील प्लुटार्कची चरित्रे, गटेची ‘वेर्टर’ आणि मिल्टनचे महाकाव्य ही पुस्तके तो वाचतो. आदमला निर्मात्याचे प्रेम होते आणि सैतानालाही सोबती होते, आपल्याला मात्र कोणीच नाही, हे त्याला या वाचनातून उमगते. त्याला स्वतःच्या एकाकीपणासाठी शब्द मिळतात, आणि त्यामुळे त्याचे दुःख अधिक धारदार होते.

या कुटुंबाकडून आपल्याला स्वीकार मिळेल, ही त्याची आशा निराधार नसते. द लेसी कुटुंब स्वतः अन्यायाचे बळी आहे. पॅरिसमध्ये अन्यायाने शिक्षा झालेल्या एका तुर्की व्यापाऱ्याला फेलिक्सने तुरुंगातून पळून जाण्यास साहाय्य केले म्हणून या कुटुंबाची मालमत्ता गेली आणि त्यांना देशत्याग करावा लागला. परक्या माणसासाठी सर्वस्व गमावलेली ही माणसे आपल्यालाही समजून घेतील, असे त्याला वाटते. घरात कोणी नसताना तो वृद्ध द लेसींना भेटतो. ते त्याला पाहू शकत नाहीत, फक्त ऐकू शकतात आणि सहानुभूतीने ऐकतात. इतक्यात बाकीचे परततात. अगाथा बेशुद्ध पडते, साफी पळून जाते आणि फेलिक्स त्याला काठीने मारतो. आपल्याजवळ फेलिक्सला फाडून टाकण्याइतके बळ असूनही निर्मित जीव हात उचलत नाही, हे विसरता येत नाही.

आंधळ्या माणसाने ऐकले आणि डोळसांनी पाहिले, एवढ्या फरकावर हा प्रसंग उभा आहे. कादंबरीचा वाचकही वृद्ध द लेसींच्या स्थानी असतो. त्याला निर्मित जीव दिसत नाही, त्याचे शब्द तेवढे कानी पडतात. म्हणूनच कादंबरीतील बहुतेक पात्रांना जे शक्य होत नाही ते, म्हणजे त्याची बाजू समजून घेणे, वाचकाला शक्य होते.

द लेसी कुटुंब घर सोडून निघून जाते आणि निर्मित जीव ती रिकामी झोपडी पेटवून देतो. हे त्याच्या सूडाचे पहिले कृत्य होय, आणि त्यात कोणाचाही जीव जात नाही. यानंतरही त्याच्यातील दया संपत नाही. प्रवाहात बुडणाऱ्या एका मुलीला तो वाचवितो. मोबदल्यात तिच्यासोबतचा ग्रामस्थ त्याच्यावर गोळी झाडतो. त्यानंतर तो मानवजातीविरुद्ध सूडाची शपथ घेतो. एका नकाराने तो सूडाकडे वळलेला नाही. अनेक नकार पचविल्यावर, आणि केलेल्या उपकाराची फेड गोळीने झाल्यावर तो त्या मार्गाला लागतो.

नकाराचे तिसरे रूप : दिलेल्या शब्दाचा भंग

जिनिव्हाजवळ त्याला एक लहान मुलगा दिसतो. लहान मुलाच्या मनात पूर्वग्रह नसेल, त्याला आपला सोबती करून वाढवावे, असा विचार करून तो त्याला धरतो. मुलगा घाबरून त्याला दूषणे देतो आणि आपले वडील फ्रँकेन्स्टाइन असल्याची धमकी देतो. ते नाव ऐकताच निर्मित जीव त्याचा गळा दाबतो. अशा रीतीने व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम मारला जातो.

या हत्येनंतर हिमनदीवरील भेटीत तो व्हिक्टरपुढे एकच मागणी ठेवतो : आपल्यासारखीच एक स्त्री निर्माण करून द्यावी, म्हणजे आपण दोघे दक्षिण अमेरिकेच्या निर्जन प्रदेशात निघून जाऊ आणि पुन्हा मानवाच्या दृष्टीस पडणार नाही. एका अर्थी हा तहाचा प्रस्ताव आहे. निर्मात्याचीही निर्मितीप्रती काही कर्तव्ये असतात, ही जाणीव व्हिक्टरला येथे प्रथमच होते आणि तो शब्द देतो.

पुढे ऑर्कनी बेटांवर काम अर्धे झाले असताना व्हिक्टरचे मन फिरते. त्याच्या शंका अगदीच पोकळ नाहीत. नवी स्त्री हा करार मान्य करील कशावरून? ती याला सोडून गेली तर? त्यांची संतती मानवजातीला घातक ठरली तर? तथापि या शंका तो समोरच्यापुढे मांडत नाही. निर्मित जीव खिडकीतून पाहत असतानाच तो त्या अपुऱ्या देहाचे तुकडे करतो. पहिला अव्हेर भीतीपोटी झाला होता, बहिष्कार अज्ञानापोटी झाला होता; हा वचनभंग मात्र पूर्ण जाणिवेने झालेला आहे. म्हणूनच त्यानंतरचा सूडही तितकाच जाणीवपूर्वक आणि मोजून मापून घेतलेला आहे.

सूडाचा हिशेब :

निर्मित जीवाच्या सूडाला एक निश्चित रचना आहे. व्हिक्टरला ठार मारणे त्याला केव्हाही शक्य होते. तो ते कधीच करीत नाही. विल्यम, जिवलग मित्र हेन्री क्लेर्व्हल आणि नवपरिणीत पत्नी एलिझाबेथ या तिघांना तो स्वतःच्या हातांनी मारतो. विल्यमच्या हत्येचा आळ येऊन जस्टीन फासावर जाते. एलिझाबेथच्या मृत्यूच्या धक्क्याने व्हिक्टरचे वडील दगावतात. भाऊ, मित्र, पत्नी, पिता असे एकेक नाते व्हिक्टरच्या आयुष्यातून वजा होत जाते. जे जे निर्मित जीवाला नाकारले गेले, ते ते निर्मात्याकडून हिरावून घेतले जाते. विशेषतः एलिझाबेथचा मृत्यू हा ऑर्कनी बेटावरील कृत्याचा थेट प्रतिध्वनी आहे. जोडीदारीण नष्ट केल्याचा मोबदला जोडीदारीण नष्ट करून घेतला जातो.

व्हिक्टरला हा हिशेब अखेरपर्यंत कळत नाही. लग्नाच्या रात्री आपण हजर राहू, अशी धमकी निर्मित जीवाने दिलेली असते. व्हिक्टर तिचा अर्थ आपल्या स्वतःच्या जिवाला धोका असा लावतो, शस्त्रे बाळगून घरभर शोध घेत फिरतो आणि एलिझाबेथला खोलीत एकटी सोडतो. समोरच्याचे दुःख एकाकीपणाचे आहे, हे ज्याने कधी मनावर घेतले नाही, त्याला त्याच्या सूडाची दिशा कशी कळावी? व्हिक्टरची ही चूक त्याच्या आत्मकेंद्री स्वभावातूनच आलेली आहे.

या सूडाचे उद्दिष्ट केवळ दुःख देणे एवढेच नाही. निर्मात्याने आपल्याकडे पाहावे, आपले अस्तित्व मान्य करावे, ही त्यामागची मूळ मागणी आहे. प्रेमाने जे नाते जुळले नाही ते वैराने जुळते. कादंबरीच्या अखेरच्या भागात व्हिक्टर आपल्या कुटुंबीयांच्या थडग्यांपाशी सूडाची शपथ घेतो आणि उत्तर ध्रुवाच्या दिशेने निर्मित जीवाचा पाठलाग सुरू करतो. आता भूमिका पालटतात. व्हिक्टर एकाकी होतो, घरदार नसलेला होतो आणि सूड हेच त्याच्या जगण्याचे एकमेव प्रयोजन बनते. निर्मित जीव झाडांच्या सालींवर खुणा कोरून ठेवतो, त्याच्यासाठी अन्न मागे ठेवतो आणि पाठलाग चालू ठेवतो. ज्याने जन्मतःच पाठ फिरविली होती, त्याला हा जीव शेवटी आपल्यामागे चालावयास लावतो. दोघांनाही परस्परांवाचून दुसरे कोणी उरलेले नसते. म्हणूनच व्हिक्टरच्या मृत्यूनंतर निर्मित जीवाला विजयाचा आनंद होत नाही. जहाजावरील त्याच्या शवापाशी तो क्षमा मागतो, स्वतःचा धिक्कार करतो आणि चितेवर स्वतःला जाळून घेण्याचा निश्चय सांगून बर्फाच्या तुकड्यावरून अंधारात दिसेनासा होतो. सूड पूर्ण झाला, पण जे हवे होते ते मिळाले नाही.

कारण आणि समर्थन यांतील भेद :

मेरीचे पती पर्सी शेली याने या कादंबरीचे परीक्षण लिहिले होते. ते त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली प्रसिद्ध झाले. माणसाला वाईट वागवा म्हणजे तो वाईट होईल, हा या कथेचा नैतिक आशय असल्याचे त्याने त्यात प्रतिपादन केले. गॉडविनच्या विचारांशी हे मत सुसंगत आहे, आणि कादंबरीतील बऱ्याच भागाला ते लागूही पडते. तथापि एवढ्यावर थांबल्यास कादंबरी सोपी होते. जस्टीनचा प्रसंग या सोपेपणाला अडवितो.

विल्यमच्या हत्येनंतर निर्मित जीवाला एका कोठारात झोपलेली जस्टीन दिसते. तिने त्याचे काहीही बिघडविलेले नाही. तिने त्याला पाहिलेलेही नाही. ही जागी झाली तर इतरांसारखीच आपल्याला झिडकारील, एवढ्या अनुमानावरून तो विल्यमच्या गळ्यातील चित्र तिच्या वस्त्रात दडवितो. फेलिक्सच्या धड्यांतून मानवी कायद्याचे जे ज्ञान त्याला झाले, त्याचा उपयोग तो एका निरपराध मुलीला फासावर चढविण्यासाठी करतो. केवळ रूपावरून निवाडा करण्याचा जो अन्याय त्याच्यावर झाला, तोच तो येथे दुसऱ्यावर करतो. जस्टीनही आईने अव्हेरलेलीच होती, ही गोष्ट या प्रसंगाची दाहकता वाढविते. नाकारलेला माणूस सूड घेतो तेव्हा तो अनेकदा नाकारणाऱ्यावर न उगवता आपल्यासारख्याच दुसऱ्या दुर्बळावर उगवतो, हे कटू सत्य मेरी शेलीने येथे नोंदविले आहे.

मात्र जस्टीनच्या मृत्यूला निर्मित जीव एकटाच जबाबदार नाही. न्यायालय परिस्थितिजन्य पुराव्यावर विसंबून राहते. धर्मोपदेशक तिला नरकाची भीती घालून खोटी कबुली द्यावयास लावतो. आणि खरा गुन्हेगार कोण याची खात्री असूनही, लोक आपल्याला वेडा ठरवतील या भीतीने व्हिक्टर गप्प बसतो. अखेरच्या संभाषणात निर्मित जीव असा सवाल करतो की, फेलिक्सने मारले, ग्रामस्थाने गोळी झाडली, त्यांना कोणी अपराधी म्हणत नाही. मग अपराधी मी एकटाच कसा? हा सवाल त्याच्या गुन्ह्यांना माफ करीत नाही. पण प्रतिष्ठितांच्या क्रौर्याला नाव नसते आणि बहिष्कृताच्या क्रौर्यालाच शिक्षा असते, या विसंगतीवर तो बोट ठेवतो. याउलट मृत्युशय्येवर व्हिक्टर स्वतःच्या वर्तनाचा आढावा घेतो आणि त्यात दोषास्पद काही आढळत नाही, असे म्हणतो. पश्चात्ताप करतो तो निर्मित जीव, निर्माता नव्हे.

नंतरच्या काळातील अर्थांतर :

कादंबरीच्या पुढील वाटचालीत या कार्यकारणभावालाच कात्री लागली. १८२३ साली लंडनच्या रंगभूमीवर रिचर्ड ब्रिन्सली पीक याने केलेले रूपांतर आले, त्यात निर्मित जीव मुका होता. १९३१ साली जेम्स व्हेल याने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटातही बोरिस कार्लॉफने साकारलेला हा जीव बोलत नाही, आणि त्याच्या डोक्यात चुकून गुन्हेगाराचा मेंदू बसविला गेला असे दाखविले आहे. कादंबरीच्या मध्यभागी असलेली त्याची वाणी काढून घेतली की नकाराची कहाणी नाहीशी होते आणि उरते ती अकारण हिंसा. गुन्हा जन्मजात असतो, की माणसांच्या वागणुकीतून घडतो, या प्रश्नाला कादंबरीने दिलेले उत्तर चित्रपटाने उलट फिरविले.

राजकारणातही असेच घडले. मार्च १८२४ मध्ये ब्रिटिश संसदेत वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या मुक्तीवर चर्चा चालू असताना परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग याने या कथेचा दाखला दिला. गुलामांना एकाएकी मुक्त करणे म्हणजे प्रौढाचे बळ पण बालकाची समज असलेला प्राणी निर्माण करण्यासारखे होईल, असा त्याचा युक्तिवाद होता. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याविषयी सहानुभूती जागविणारी कथा त्यांच्याविरुद्धच वापरली गेली. कॅनिंगला निर्मित जीवाचे बळ दिसले, त्याची विनंती ऐकू आली नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील समीक्षेने ही वाणी पुन्हा ऐकण्याचा प्रयत्न केला. सँड्रा गिल्बर्ट व सुसान गुबार यांनी १९७९ साली मिल्टनच्या महाकाव्याच्या संदर्भात, अ‍ॅन मेलर यांनी १९८८ साली कुटुंब व मातृत्व यांच्या संदर्भात या कादंबरीचे विवेचन केले. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात साम्राज्यवादाच्या चर्चेत या कादंबरीला स्थान दिले. या अभ्यासांच्या दिशा भिन्न असल्या, तरी निर्मित जीवाकडे केवळ भयाचा विषय म्हणून न पाहता बोलणारा, विचार करणारा जीव म्हणून पाहणे त्यांत समान आहे.

निष्कर्ष :

१. ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील नकार ही एकच घटना नसून अव्हेर, बहिष्कार आणि वचनभंग अशी तिची चढती साखळी आहे.

२. निर्मित जीवाचा सूड आंधळा नाही. जे त्याला नाकारले गेले तेच तो निर्मात्याकडून हिरावून घेतो आणि निर्मात्याला आपल्यासारखेच एकाकी करतो.

३. सूडाच्या मुळाशी आपले अस्तित्व मान्य व्हावे ही मागणी आहे. ती पूर्ण न झाल्यामुळे सूड पूर्ण होऊनही समाधान देत नाही.

४. जस्टीनच्या प्रसंगातून कादंबरी असे दाखविते की, अन्याय सोसल्याने अन्याय करण्याचा अधिकार मिळत नाही. त्याच वेळी प्रतिष्ठितांच्या मौनालाही ती दोषमुक्त करीत नाही.

५. निर्मित जीवाची वाणी वगळणाऱ्या रूपांतरांनी कादंबरीतील कार्यकारणभाव नाहीसा केला. म्हणून मूळ संहितेचे वाचन अगत्याचे ठरते.

समारोप :

व्हिक्टरच्या हातून दोन वेळा एक संधी निसटली. पहिल्या रात्री पुढे आलेला हात त्याने धरला नाही आणि ऑर्कनी बेटावर दिलेला शब्द मोडताना त्याने समोरच्याशी संवाद केला नाही. या दोन्ही क्षणी त्याच्याकडून अपेक्षित होते ते प्रेमही नव्हे, तर थोडा वेळ थांबून ऐकून घेणे. ते काम कादंबरीत एका अंध वृद्धाने काही मिनिटे केले, आणि तेवढ्या वेळापुरता निर्मित जीव हा कोणाचाही शत्रू नव्हता. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका तरुण लेखिकेने लिहिलेली ही कथा वर्गात शिकविताना भयाच्या वर्णनापेक्षा या काही मिनिटांकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे अधिक मोलाचे ठरेल.